आवाज वाढवावा की शब्द ऐकावेत?

डॉक्टर मंडळींच्या दिवाणखान्यात होम थिएटर असणे ही आता नवलाईची बाब राहिलेली नाही. इ. स. २००० नंतरच्या दशकात आपल्यापैकी अनेकांनी एकाच खोक्यातून येणारे पाच चिमुकले स्पीकर, एक सबवूफर आणि डीव्हीडी प्लेअर असा संच हौसेने घेतला. त्या संचांनी आता पंधरा-वीस वर्षांची सेवा पुरी केली आहे. दरम्यान डीव्हीडी मागे पडली, टीव्हीचा पडदा भिंतभर पसरला आणि त्याच्या चपट्या देहात चांगल्या स्पीकरला जागाच उरली नाही. साहजिकच "यंत्रणा बदलायची आहे, पण खर्च बेताचा हवा" हा विषय आपल्या भेटीगाठींत वारंवार निघतो, आणि त्यातला पहिला प्रश्न ठरलेला असतो : "किती वॅटचा घेऊ?"

माझ्या मते वॅटचा विचार सर्वांत शेवटी करावा. मर्यादित खर्चातील सुधारणेला मी एकच कसोटी लावतो. घरातील सर्वांत लहान आणि सर्वांत वृद्ध व्यक्तीला, आवाज न वाढवता, संवादातील शब्द न् शब्द ऐकू येतो का? जी खरेदी या कसोटीला उतरेल तिच्यावर पैसा खर्च करावा. बाकीचे सावकाश पाहता येते.

ही कसोटी हौशी माणसाची असली तरी तिच्यामागे वैद्यकीय कारण आहे. वाढत्या वयात उच्च वारंवारितेचे ध्वनी प्रथम अस्पष्ट होऊ लागतात. भाषेतील स्वर हे प्रामुख्याने निम्न वारंवारितेत असतात. स, श, फ यांसारखी व्यंजने उच्च वारंवारितेत असतात आणि मुळातच क्षीण असतात. म्हणून आजी म्हणते, "आवाज येतो रे, पण काय बोलतात ते कळत नाही." त्यावर आपण रिमोटने आवाज वाढवतो. त्यासरशी पार्श्वसंगीत वाढते, स्वर वाढतात, आणि हरवलेले व्यंजन त्या गलक्यात हरवलेलेच राहते.

बालकांची गोष्ट वेगळी, पण तितकीच महत्त्वाची आहे. सर्दी-पडशाने वारंवार आजारी पडणाऱ्या मुलाच्या मध्यकर्णात द्राव साचला, तर ते मूल दुखण्याची तक्रार करीत नाही. ते टीव्हीच्या जवळ सरकून बसते आणि आवाज वाढवू लागते. आम्ही बालरोगतज्ज्ञ ही खूण आईला मुद्दाम विचारतो. ज्या घरात आवाज कायमच चढा असतो, तेथे ही खूण झाकली जाते. मग शाळेत 'लक्ष देत नाही' असा शेरा येईपर्यंत कोणाच्या काही ध्यानात येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने सुरक्षित श्रवणासाठी प्रौढांकरिता आठवड्याला ४० तास ८० डेसिबल, तर बालकांकरिता तेवढ्याच वेळासाठी ७५ डेसिबल असे प्रमाण सुचविले आहे. ते प्रामुख्याने मोबाइल आणि हेडफोनसाठी असले, तरी दिवाणखान्यातही मार्गदर्शक ठरावे.

आता वॅटच्या हिशेबाकडे वळू. पूर्वीच्या खोक्यांवर 'पीएमपीओ' या नावाने हजारो वॅटचे आकडे छापलेले असत. क्षणमात्र मिळू शकणाऱ्या, बहुधा काल्पनिक शक्तीचा तो आकडा होता. सातत्याने मिळणारी शक्ती त्याच्या अल्पांशाने असे. आज तो शब्द मागे पडला असला तरी मोठ्या आकड्याचा मोह सुटलेला नाही. वस्तुस्थिती अशी की ५० वॅटच्या जागी १०० वॅटचा रिसीव्हर आणला, तर आवाजाच्या कमाल पातळीत अवघी ३ डेसिबलची भर पडते. आवाज 'दुप्पट' झाल्यासारखा वाटण्यासाठी सुमारे १० डेसिबल, म्हणजे दसपट शक्ती लागते. उलट, ८६ डेसिबल संवेदनशीलतेच्या स्पीकरऐवजी ८९ डेसिबलचा स्पीकर निवडला, की तेच ३ डेसिबल रिसीव्हर न बदलता पदरात पडतात. चांगल्या स्पीकरला एक वॅट दिला तरी दहा फुटांवर घरगुती संवाद आरामात ऐकू येतो. उरलेली शक्ती क्वचित येणाऱ्या स्फोटांसाठी आणि ढोल-ताशांसाठी राखीव असते.

तेव्हा खर्चाचा क्रम कसा असावा? प्रथम खोली, मग स्पीकर, मग रिसीव्हर.

खोलीचा उपचार जवळजवळ फुकट आहे आणि म्हणूनच सर्वाधिक दुर्लक्षित आहे. तापीच्या उत्तरेला कोसाड-अमरोली भागात ज्या नव्या सदनिका उभ्या राहिल्या, त्यांतील दिवाणखाने एकसारखे : खाली गुळगुळीत टाइल्स, भिंती उघड्या, एका बाजूस सरकत्या काचा. अशा खोलीत मध्यभागी उभे राहून एक टाळी वाजवावी. टाळीमागून झणझणीत शेपूट ऐकू आले, तर कितीही महाग स्पीकर आणला तरी शब्दांवर शब्द चढणारच. जाड सतरंजी, काचेवर वजनदार पडदे, मागच्या भिंतीला पुस्तकांचे उघडे कपाट आणि दिवाणावर खानदेशातून आलेली आजीची गोधडी एवढ्याने फरक पडतो. स्पीकर शोकेसच्या कप्प्यात कोंबू नयेत. समोरचे स्पीकर बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर आणि भिंतीपासून थोडे पुढे असावेत.

दुसरा क्रम स्पीकरचा. माझा कौल असा की एकूण रकमेचा अर्ध्याहून अधिक भाग येथे जावा. पाच सामान्य स्पीकर एकदम घेण्यापेक्षा समोरचे दोन उत्तम घ्यावेत आणि रिसीव्हरमध्ये मधला स्पीकर 'नाही' असे नोंदवावे. मग संवाद त्या दोहोंत विभागून मध्यभागी उमटतो. पुढच्या दिवाळीला त्याच कंपनीचा, त्याच मालिकेतील मधला स्पीकर जोडावा. ५.१ पद्धतीच्या चित्रपटात बहुतेक संवाद या मधल्या वाहिनीतूनच येतात, म्हणून आजीच्या दृष्टीने तोच खरा नायक. मागचे दोन स्पीकर मागाहून आले तरी चालतात. जुने चांगले स्पीकर घरात असतील तर ते टाकण्यापूर्वी तपासावेत. सुरतेच्या दमट हवेत शंकूभोवतालची फोमची कड कुजते. शंकू आणि कॉइल शाबूत असल्यास कारागीर ती कड नवी बसवून देतो.

तिसरा क्रम रिसीव्हरचा, आणि येथेच हात आखडता घ्यावा. स्पीकर दोन-तीन दशके टिकतो. रिसीव्हर मात्र टिकूनही जुना ठरतो. एचडीएमआयची पहिली आवृत्ती २००२ मध्ये आली, १.४ ही २००९ मध्ये, २.० ही २०१३ मध्ये आणि २.१ ही २०१७ मध्ये. डॉल्बी अॅटमॉस २०१२ मध्ये चित्रपटगृहांत आणि २०१४ मध्ये घरांत आले. या शर्यतीमागे धावण्यास अंत नाही. जुना रिसीव्हर नवे चित्र पुढे पाठवू शकत नसेल, तर चित्राची जोडणी थेट टीव्हीला करावी आणि टीव्हीतून ऑप्टिकल केबलने आवाज रिसीव्हरला द्यावा. या मार्गाने स्टीरिओ आणि डॉल्बी डिजिटल ५.१ हे दोन्ही जातात. अॅटमॉस मिळणार नाही, पण आपली कसोटी शब्दांची आहे. नवाच घ्यायचा असेल तर 'एआरसी'ची सोय, स्पीकरचे ओहम पेलण्याची क्षमता आणि खोलीनुसार आवाज जुळवण्यासाठी सोबत दिलेला मायक्रोफोन एवढे पाहावे. यंत्राच्या वर-मागे हवा खेळू द्यावी. बंद कपाटात त्याला ताप चढतो.

आपल्या समाजापुरती एक सूचना. अनेकांची मुले अमेरिकेत आहेत आणि तेथे स्वस्त मिळते म्हणून यंत्रे सामानातून येतात. तेथील रिसीव्हर आणि सबवूफर सामान्यतः १२० व्होल्टवर चालतात. आपल्याकडे २३० व्होल्ट. ट्रान्सफॉर्मरचा खर्च आणि येथे न चालणारी हमी धरली, तर स्वस्ताई उरते किती ते पाहावे. साधे, वीज न लागणारे स्पीकर आणण्यास मात्र ही अडचण नाही. केबलच्या बाबतीत तर निश्चिंत असावे : पंचवीस फुटांपर्यंत शुद्ध तांब्याची १.५ चौरस मिलिमीटरची साधी वायर पुरेशी आहे.

यावर दोन आक्षेप येतात. पहिला असा की हा सारा व्याप कशाला, साउंडबार पुरे. खोली लहान असेल आणि वेळ नसेल तर हे मला मान्य आहे. मात्र त्यातही संवादासाठी स्वतंत्र मधली वाहिनी असलेला निवडावा. दुसरा आक्षेप सबवूफरवाचून मजा नाही, हा. तोही रास्त आहे. साधारणतः ८० हर्ट्झखालचा भार सबवूफरकडे सोपवला की लहान स्पीकर मोकळेपणाने बोलू लागतात. परंतु तोच खर्ज भिंती ओलांडून शेजाऱ्याच्या उशाशी पोहोचतो. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनी निवासी क्षेत्रासाठी दिवसा ५५ आणि रात्री दहानंतर ४५ डेसिबल ही मर्यादा घातली आहे. गणेशोत्सवात कर्ण्यांविरुद्ध मत देणाऱ्या डॉक्टरांनी ती आपल्या दिवाणखान्यातही पाळावी. सदनिकेत सबवूफर शेवटी घ्यावा, लहान घ्यावा आणि जमिनीवर थेट न ठेवता जाड रबरावर ठेवावा.

आपण मराठी माणसे पाहतो-ऐकतो ते तरी काय, हेही विचारात घ्यावे. 'श्यामची आई' १९५३ मधला, एकाच वाहिनीच्या आवाजाचा. बालगंधर्वांच्या तबकड्या जेमतेम तीन-चार मिनिटांच्या आणि खरखरीत. तरी त्यांतला शब्द आणि स्वर पिढ्यान् पिढ्या पोहोचला. २००४ मध्ये प्रदर्शित झालेला 'श्वास' पाहा. डोळ्याचा कर्करोग झालेला नातू आणि त्याचा आजोबा यांची ती कथा. तिच्यात जे काही घडते ते हळू आवाजात, थांबत थांबत बोललेल्या वाक्यांत घडते. त्या चित्रपटाला हजार वॅट लागत नाहीत. आजोबांचा शब्द खोलीच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्या आजीपर्यंत पोहोचला की काम झाले. ज्या दिवशी तो पोहोचेल, त्या दिवशी सुधारणा पूर्ण झाली असे समजावे आणि पुढचा खर्च थांबवावा.