आधी दाखला, मग अनुदान. तोवर पोरगं शाळेबाहेर

ऑक्टोबर २०२५ मध्ये पोलिसांनी पकडलेले तरुण हात जोडून ‘नाशिक जिल्हा, कायद्याचा बालेकिल्ला’ म्हणत असल्याचे व्हिडिओ आपण सगळ्यांनी पाहिले, पुढे पाठवलेही. कारवाईचं कौतुक झालं. पण अशा वाटेला लागणारं पोर सहावी-सातवीत असताना त्याच्यावर खर्च करायला सरकारकडे काय होतं, हा प्रश्न फारसा ऐकू आला नाही.

समग्र शिक्षा अभियानात विशेष गरजा असलेल्या मुलामागे वर्षाला ३,५०० रुपयांपर्यंत तरतूद आहे. या गरजा ठरतात त्या मुख्यतः २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांवरून. त्यात स्वमग्नता आहे, अध्ययन अक्षमता आहे, मानसिक आजार आहे. वर्गात सतत भडकणारं, मारामारी करणारं किंवा महिनोन्महिने गप्प बसणारं मूल यात नेमकं कुठे बसवायचं? अमेरिकेच्या विशेष शिक्षण कायद्यात भावनिक अस्वास्थ्याचा स्वतंत्र प्रवर्ग आहे. आपल्याकडे फार तर ‘मानसिक आजार’ या रकान्यात बसवायचं आणि दाखला आणायचा. सातपूर-अंबडला रोजावर जाणाऱ्या आईने जिल्हा रुग्णालयात चकरा मारायच्या म्हणजे तितके खाडे. वर पोराच्या कपाळावर कायमचा शिक्का.

शिक्षण हक्क कायद्यानुसार आठवीपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही. म्हणून काढत नाहीत. पालकांना बोलावून ‘तुम्हीच दाखला काढून न्या’ म्हणतात. वस्तीचं नाव ऐकूनच पोरगं ‘तसलं’ ठरवणारे शिक्षक आपल्याला नवे नाहीत. एकाच वागण्याला एका घरात ‘ताण’ म्हणतात आणि दुसऱ्या घरात ‘संस्कार नाहीत’ म्हणतात.

हेच मूल पुढे बालगृहात किंवा निरीक्षणगृहात पोचलं, की मिशन वात्सल्यमधून त्याच्यामागे महिन्याला ३,००० रुपये येतात. त्यात राहणं-जेवण आलं, त्यामुळे दोन आकड्यांची थेट तुलना नको. पण सरकारचा हात खिशाकडे कधी जातो, ते यातून कळतं.

२५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सुकदेव साहा प्रकरणात १०० किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसतज्ज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता नेमायला सांगितलं. कायदा होईपर्यंत हे निर्देश बंधनकारक आहेत. त्याचा पगार कोण देणार, हा खरा मुद्दा. खासगी शाळा तो फीमध्ये वसूल करतील. महापालिका आणि जिल्हा परिषदेच्या शाळांचं काय?

जिल्हा वार्षिक योजनेत अनुसूचित जातींसाठी वेगळा निधी असतो. तो रस्ते, गटारं, समाजमंदिरं यांपुरताच का राहावा? वस्तीजवळच्या शाळेत समुपदेशक हवा, ही मागणी जिल्हा नियोजन समितीपुढे नेता येते. अर्थात निधी जागेवर राहिला तर. २०२५ मध्ये सामाजिक न्याय विभागाचे ४१० कोटी रुपये लाडकी बहीण योजनेकडे वळवले गेले आणि खात्याच्या मंत्र्यांनीच जाहीर नाराजी व्यक्त केली. कर्नाटक, तेलंगणात या निधीसाठी स्वतंत्र कायदा आहे. महाराष्ट्रात ती मागणीच आहे.

नाशिकच्या तरुणांनी माहिती अधिकारात तीन प्रश्न टाकावेत: महापालिकेच्या किती शाळांत समुपदेशक आहेत, विशेष गरजांच्या यादीत मानसिक आजाराखाली किती मुलं नोंदली आहेत, आणि गेल्या तीन वर्षांत सहावी ते आठवीत किती मुलांचे दाखले काढले गेले. उत्तर तीस दिवसांत द्यावं लागतं.