नाल्यात जाणारी दौलत

मटण आणि मासळीचा व्यापार आपल्या समाजात पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. मांस विकले जाते, कातडे व्यापारी उचलतो. पण हाडे, रक्त, पोटातील अर्धवट पचलेला चारा, मासळीची डोकी व काटे यांचे काय होते? पुष्कळ ठिकाणी हा माल उकिरड्यावर किंवा नाल्यात जातो. दुर्गंधी सुटते, शेजारी तक्रार करतात आणि बदनाम होतो तो धंदा करणारा. आमच्या मते हा कचरा नव्हे, न विकलेला माल आहे.

कोकणच्या जांभ्या जमिनीचे उदाहरण घ्या. मुसळधार पावसाने तिच्यातील चुना धुऊन जातो आणि जमीन आम्लधर्मी बनते. मग खतातून दिलेले स्फुरद जमिनीतील लोह व अॅल्युमिनियम धरून ठेवतात, झाडाच्या वाट्याला थोडेच येते. हाडांचा चुरा नेमका अशाच जमिनीत उपयोगी पडतो. आम्लाने तो सावकाश विरघळतो आणि स्फुरदाबरोबर चुनाही देतो. आंबा, काजू, नारळ यांच्या बागांना ही सावकाश पोच मानवते. वाळवलेल्या रक्तात १० ते १२ टक्के नत्र असते. पोटातील चारा कुजवला की उत्तम कंपोस्ट होते. मासळीचे खतही चांगलेच, मात्र खारवलेली मासळी धुऊन घेतली पाहिजे, नाहीतर मीठ जमिनीत उतरते.

देशावरच्या चुनखडीयुक्त काळ्या जमिनीत हाडांच्या चुऱ्याचा गुण फारसा येत नाही. तेथील शेतकऱ्याच्या गळ्यात तो मारणे ही फसवणूक ठरेल. ज्या पिकाला स्फुरद ताबडतोब हवे, तेथे ४६ टक्के स्फुरदाच्या डीएपीची बरोबरी तो करणार नाही, हेही गिऱ्हाईकाला सांगितले पाहिजे.

या धंद्याला कायदा आहे. १९८५ च्या खत नियंत्रण आदेशानुसार कच्च्या हाडांच्या चुऱ्यात किमान २० टक्के स्फुरद व ३ टक्के नत्र, तर वाफवलेल्या चुऱ्यात किमान २२ टक्के स्फुरद असावे लागते. कच्च्या चुऱ्यात आम्लात न विरघळणारा भाग १२ टक्क्यांपेक्षा जास्त चालत नाही. वाळूची भेसळ येथेच उघडी पडते. शिवाय कच्च्या हाडांतून काळपुळीसारख्या रोगाचे जंतू पसरू शकतात. म्हणून दाबाखालच्या वाफेवर हाडे शिजवणे हाच सुरक्षित मार्ग होय.

एकट्या दुकानदाराला बॉयलर व चक्की परवडणार नाही, हे आम्ही जाणतो. परंतु दहा-पंधरा दुकानदारांनी सहकारी संस्था काढली, तर रोजचा माल एका ठिकाणी येईल. नगरपालिकांनी कत्तलखान्यालगत जागा द्यावी. बकरी ईदच्या तीन दिवसांत मोहल्ल्याच्या जमातीने हाडे व पोटातील चारा वेगवेगळे गोळा करण्याची व्यवस्था करावी. शिकलेल्या तरुणांनी परवाना, माती परीक्षण आणि विक्री सांभाळावी.

हाडे गोळा करून कवडीमोलाने दुसऱ्याच्या कारखान्याला देण्यात नफा थोडा आणि कष्टच फार. चोख वजन आणि शुद्ध माल ही तर आपल्या दीनचीच शिकवण आहे. तिला यंत्राची जोड दिली, तर आज नाक मुरडणारा बागायतदार उद्या आपल्या दारी गिऱ्हाईक म्हणून येईल.