पर्यायांत नसलेला प्रश्न

'कौन बनेगा करोडपती'ने २००० सालापासून घराघरांत सामान्यज्ञानाची गोडी लावली, हे नाकारणे कृतघ्नपणाचे ठरेल. परंतु तेथे प्रश्न विचारण्याचा अधिकार एकाच खुर्चीला असतो. चवदार तळ्याचा सत्याग्रह १९२७ साली झाला, एवढे सांगितले की तेथे भागते. तो का करावा लागला, हे चार पर्यायांत मावत नाही. इतिहास शिकवणाऱ्या आम्हांस हे नेहमीच खटकत आले.

२०१९ साली अंजनगाव सुर्जीच्या बबिता ताडे यांनी १ कोटी रुपये जिंकले, ते आम्ही वसतिगृहातील मुलांसोबत पाहिले. शाळेत खिचडी शिजवण्याचे त्यांना महिन्याला १५०० रुपये मिळत. सर्वांनी टाळ्या वाजवल्या, आम्हीही वाजवल्या. १५००च का, हा प्रश्न मात्र त्या खेळात नव्हता.

तो आठवीतील एका मुलीने आम्हांस विचारला, आणि पाठोपाठ दुसराही : "सर, आपल्या भोजनगृहातल्या मावशींना किती मिळतात?" आकडा आम्हांस ठाऊक होता. सांगताना मान खाली गेली. पुढे व्यवस्थापनाच्या बैठकीत विषय मांडला; वाढ झाली, पण तुटपुंजी. या स्मरणिकेत देणगीदारांच्या नावांशेजारी त्या मावशींची नावे, आणि त्यांचे मानधनही, छापले जावे असे आमचे स्पष्ट मत आहे.