गुण वाणीचे की विचाराचे?

मुलाने वकील किंवा डॉक्टर व्हावे ही आमच्या गावांची जुनी आकांक्षा. अलीकडे तिच्या शेजारी व्यवस्थापनशास्त्राची पदवी येऊन बसली आहे. बेळगाव, निपाणी, खानापूर येथील कित्येक आईबाप कर्ज काढून मुलामुलींस या अभ्यासक्रमास धाडतात आणि शेवटी पगार किती मिळेल एवढीच चौकशी करतात. आपल्या पाल्यास दोन वर्षे कोणत्या तराजूत तोलले जाणार, हे मात्र कोणी विचारीत नाही. ते विचारले पाहिजे. आणि ‘स्ट्रॅटेजी’ म्हणजे व्यवसायाच्या व्यूहनीतीच्या वर्गाविषयी तर अगत्याने विचारले पाहिजे.

हिशेबाच्या पेपरात ताळेबंद एक तर जुळतो, नाही तर जुळत नाही. व्यूहनीतीचे तसे नाही. एखाद्या कंपनीचा वृत्तांत, तिचे आकडे, तिचे प्रतिस्पर्धी आणि तिची अडचण, असे सारे लिहिलेली ‘केस’ विद्यार्थ्यांपुढे ठेवतात आणि विचारतात, तुम्ही चालकाच्या जागी असता तर काय केले असते? या प्रश्नास एकच उत्तर नसते. होंडा कंपनीचे उदाहरण या विषयात प्रसिद्ध आहे. 1959 साली ही जपानी कंपनी अमेरिकेत मोटारसायकली विकण्यास गेली आणि थोड्याच वर्षांत तिने तो बाजार काबीज केला. ब्रिटिश सरकारने मागविलेल्या 1975 च्या एका सल्लागारी अहवालाने याचे श्रेय मोठ्या उत्पादनाला, त्यामुळे उतरलेल्या खर्चाला आणि हिशेबी आखणीला दिले. 1984 साली रिचर्ड पास्कल यांनी प्रत्यक्ष त्या कामगिरीवर गेलेल्या जपानी अधिकाऱ्यांची हकीकत छापली, तेव्हा निराळेच चित्र दिसले. मोठ्या गाड्या विकण्याचा मूळ बेत फसला होता. त्या गाड्या नादुरुस्त होऊ लागल्या होत्या. आणि कामापुरत्या वापरलेल्या चिमुकल्या 50 सीसीच्या गाडीकडे लोकांचे लक्ष गेले, म्हणून पुढचा मार्ग सापडला. घटना एक, उलगडे दोन, आणि दोहोंस विद्वानांचा आधार! अशा विषयात उत्तर बरोबर की चूक यावर गुण देता येत नाहीत. ते युक्तिवादाच्या कसावरच दिले पाहिजेत. प्रश्न असा की, हा कस पाहतो कोण आणि कसा?

या विषयाचा जन्म कसा झाला ते पाहणे येथे उद्बोधक ठरेल. हार्वर्ड विद्यापीठाची व्यवसायशाळा 1908 साली निघाली. पुढे तीन-चार वर्षांतच आर्च शॉ नावाच्या प्रकाशकाने तेथे व्यवसाय-धोरणाचा वर्ग सुरू केला. एखादा उद्योगपती वर्गात येई व आपली खरी अडचण सांगे. पुढील तासास प्रत्येक विद्यार्थी तिचे लेखी विवेचन व उपाय सादर करी. त्यानंतरच्या तासास तोच उद्योगपती त्या लेखांची चर्चा करी. म्हणजे आरंभी कसोटी होती ती लेखणीची, आणि तीही सवडीने केलेल्या विचाराची. 1919 साली वॉलेस डोनम हे कायद्याचे पदवीधर तेथे डीन झाले. कायद्याच्या शाळेतील खटल्यांवरील वादविवादाची रीत त्यांनी व्यवसायाच्या शिक्षणात रुजविली. 1961 साली स्थापन झालेल्या अहमदाबादच्या संस्थेने हार्वर्डच्या सहकार्याने ही पद्धती आपल्या देशात आणली आणि तेथून ती सर्वत्र पसरली.

या पद्धतीत वर्गातील ‘सहभागास’ मोठे माप मिळाले. हार्वर्डमधील कित्येक विषयांत निम्मे गुण केवळ वर्गातील बोलण्यावर ठेवण्याची प्रथा पडली. तेथे एका तुकडीत सुमारे 90 विद्यार्थी असतात आणि तास 80 मिनिटांचा असतो. शिक्षकाने तोंड न उघडले तरी प्रत्येकाच्या वाट्यास एक मिनिटही येत नाही! त्यातच गुणांची वाटणी आधीच ठरलेली. वरची श्रेणी 15 ते 20 टक्क्यांस, तळाची सुमारे दहा टक्क्यांस, उरलेले सारे मध्ये, अशी ती रूढी. सर्व 90 जणांनी उत्तम काम केले तरी त्यांतील नऊ जणांस तळाशी बसविलेच पाहिजे. मग तळाचा नववा आणि त्याच्या वरचा दहावा यांच्यात भेद कशाने करायचा? शिक्षकाच्या स्मरणाने. आणि स्मरणात कोण राहतो? ज्याचा हात आधी वर होतो आणि ज्याचा आवाज चढा असतो तो. बोलणाऱ्याचे हुलगे विकतात, न बोलणाऱ्याचे गहू पडून राहतात, ही म्हण बाजारात खरी असेल. विद्यालयात ती खरी ठरावी ही लाजेची गोष्ट आहे.

हा केवळ आमचा तर्क नव्हे. त्या शाळेनेच तो एका परीने मान्य केला. 2010 साली नितीन नोहरिया हे भारतीय वंशाचे गृहस्थ तेथे डीन झाले. प्रवेशाच्या वेळी पुरुषांच्या बरोबरीच्या असलेल्या विद्यार्थिनी पुढे गुणांत मागे पडतात, आणि त्याचे एक मूळ वर्गातील सहभागाच्या गुणांत आहे, असे दिसून आल्यावर तेथे उपाय योजण्यात आले. वर्गात कोण काय बोलले याची नोंद करण्यास लेखनिक बसविले गेले, म्हणजे शिक्षकास केवळ आठवणीवर विसंबावे लागू नये. जगातील सर्वांत नामांकित शाळेस जर आपल्या स्मरणाचा भरवसा वाटला नाही, तर तिचे अनुकरण करणाऱ्यांनी तो का बाळगावा?

येथे आमच्या घरचा प्रश्न उभा राहतो. मराठी शाळेत शिकलेली मुलगी केस रात्रभर वाचते, आकड्यांतील विसंगती नेमकी हेरते, आणि वर्गात इंग्रजी वाक्य मनात जुळवीपर्यंत दुसऱ्या कोणी तोच मुद्दा ठसक्यात मांडलेला असतो. तिच्या नावापुढे शून्य पडते. ते शून्य तिच्या विचाराचे नसून तिच्या उच्चाराचे असते. परंतु गुणपत्रिकेवर विषयाचे नाव ‘व्यूहनीती’ असेच छापले जाते.

यावर कोणी म्हणेल, ज्यास चार माणसांपुढे बोलता येत नाही तो व्यवसाय कसा चालविणार? आक्षेप रास्त आहे. इंग्रजी आमच्या मुलांनी शिकलेच पाहिजे, धीटपणा अंगी बाणविलाच पाहिजे. त्यात सवलत मागणे हा त्यांचाच घात होय. परंतु मग वक्तृत्व हा विषय वक्तृत्व म्हणून शिकवा आणि त्याचे गुण त्याच्या नावाने द्या. एका मापाने तोलून दुसऱ्या मापाचा शिक्का मारणे हा व्यापारात गुन्हा ठरतो. तो व्यापाराच्या शिक्षणात शिष्टाचार का व्हावा?

उपाय अवघड नाहीत. चर्चेपूर्वी दहा मिनिटे प्रत्येकाने आपले मत व त्याची कारणे वर्गातच स्वहस्ते एका पानात लिहून द्यावी. घरी लिहून आणण्यास सांगितले तर हल्ली ते पान यंत्रही लिहून देते, म्हणून ही दक्षता. सहभागाचे गुण ठेवायचेच असतील तर त्यांची नोंद राहावी आणि सत्राच्या मध्यास ती विद्यार्थ्यास दाखवावी. अखेरीस कळलेली चूक सुधारता येत नाही. गटाने करावयाच्या प्रकल्पात चौघांचे काम एकजण उपसतो आणि श्रेणी पाचांना मिळते. तेथे प्रत्येकाची स्वतंत्र तोंडी परीक्षा व्हावी. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, प्रत्येक श्रेणीसोबत तिची कारणे दोन ओळींत लिहून मिळावीत. ‘तुमच्या निर्णयाची कारणे द्या’ असे वर्षभर विद्यार्थ्यांस बजावणाऱ्या शिक्षकाने स्वतःच्या निर्णयाची कारणे देण्यास का कचरावे?

पालकांस आमचे सांगणे एवढेच. प्रवेशाचे शुल्क भरण्यापूर्वी पगाराच्या आकड्याबरोबर गुणांची रीतही विचारा. विद्यार्थ्यांस सांगणे असे की, बोलण्याची भीड सोडा, पण बोलता आले नाही म्हणून आपला विचार हलका मानू नका. आणि संस्थाचालकांस सांगणे असे की, व्यूहनीतीचा पहिला धडा म्हणजे आपण नक्की काय मोजीत आहोत हे ओळखणे. तो धडा विद्यार्थ्यांस देण्यापूर्वी त्यांनी स्वतः गिरविलेला बरा.