दत्तक की उसनवार?

गेल्या काही वर्षांत आमच्या धर्मग्रामांतील कुटुंबांमध्ये रस्त्यावरून वाचवलेली मांजराची पिले घरी आणण्याची प्रथा रुजू लागली आहे. प्रथा चांगली आहे. पूर्वी मांजर आमच्या वाडीत आपणहून येत असे. भाताची कणगी, नारळांचा ढीग आणि सुक्या मासळीच्या टोपल्या उंदीर-घुशींपासून राखणारी ती बिनपगारी राखणदारीण होती. त्या काळाचे आम्ही गोडवे गाणार नाही, कारण नको असलेली पिले गोणपाटात घालून खाडीपलीकडे सोडून येण्याची चालही त्याच काळातली. आज कोणी तरुण मुलगी गटारातून पिलू उचलते, त्याला दूध पाजते, त्याचे छायाचित्र चार ठिकाणी पाठवते आणि एखादे कुटुंब ते पिलू मागून नेते. या व्यवहाराला ‘दत्तक घेणे’ असे भारदस्त नाव मिळाले आहे. आमचा वाद या नावाशी नाही. हे नाव तोंडी घेऊन पुढे जे घडते, त्याच्याशी आहे.

पुढे काय घडते? आठ-दहा दिवसांत पिलाच्या डोळ्यांतून पाणी गळू लागते. त्याच्या कानामागचे केस झडतात, ते खात नाही. पशुवैद्य रक्त तपासतात आणि एक लांबलचक रोगाचे नाव सांगतात. मग घरात एक वाक्य उच्चारले जाते, ‘मांजर सदोष निघाले.’ हे वाक्य आम्ही गेल्या वर्षभरात तीन निरनिराळ्या घरांत ऐकले. त्यांपैकी एका घरातील पिलू परत देण्यात आले. दुसरे एका रात्री मासळीबाजाराच्या मागे सोडण्यात आले. तिसऱ्याचे काय झाले, ते त्या घरच्यांनी आम्हांला सांगितले नाही आणि त्यांच्या चेहऱ्याकडे पाहून आम्हीही विचारले नाही. ही तिन्ही घरे रविवारची मिस्सा न चुकवणारी आहेत.

मिक्सर सदोष निघतो, छत्री सदोष निघते. ज्याला प्राण आहे, ते आजारी पडते. या दोन शब्दांत जे अंतर आहे, तेवढेच अंतर गिऱ्हाईक आणि पालक यांच्यात आहे. आमच्या माणसांनी मांजर घरी आणले ते पालक म्हणून, आणि परत केले ते गिऱ्हाईक म्हणून. आमची तक्रार एवढीच आहे.

या कुटुंबांची बाजू आम्ही मनापासून ऐकून घेतली आहे. ती तीन मुद्द्यांत सांगता येते.

पहिला मुद्दा असा, की आम्हांला फसवले गेले. पिलू निरोगी आहे असे सांगून आमच्या गळ्यात आजारी जनावर बांधले. येथे न्याय दोन्ही बाजूंनी करावा लागेल. प्राण्यांची सेवा करणारे काही लोक पिलाला लवकर घर मिळावे म्हणून त्याचे दुखणे दडवतात, हे खरे आहे. दयेच्या पोटी सांगितलेले असत्य हेही असत्यच. आठवी आज्ञा मांजरे वाचवणाऱ्यांना माफ झालेली नाही. शिवाय अशा एका असत्यामुळे दहा घरांचे दरवाजे पुढल्या पिलांना बंद होतात. परंतु बहुतेक वेळा कोणी काही दडवलेले नसते. रस्त्यावरचे पिलू येते कोठून, याचा विचार करावा. त्याची आई उकिरड्यावर जगलेली, अर्धपोटी. त्याला ना लस, ना जंतांचे औषध. कितीतरी रोग अंगात शिरल्यावर काही दिवस गप्प असतात. मांजरांच्या पार्व्हो रोगाची लक्षणे दिसायला आठवडा-दीड आठवडा लागू शकतो. सर्दी-डोळ्यांचा एक विषाणू तर एकदा शिरला की जन्मभर अंगात दडून राहतो आणि जागा बदलली, भीती वाटली, की डोके वर काढतो. म्हणजे नव्या घरी येण्याचा ताण हेच त्या आजाराचे निमित्त ठरते. ज्या मुलीने पिलू दिले तिला हे दिसले नव्हते, आणि तुम्हांलाही दिसले नव्हते. यात फसवणूक कोणाची?

दुसरा मुद्दा घरातील लहान मुलांच्या आरोग्याचा आहे. तो गंभीर आहे आणि त्याची टिंगल आम्ही करणार नाही. परंतु भीतीला ज्ञानाची जोड असावी. वर सांगितलेल्या दुसऱ्या घरातील पिलाच्या रक्तात एफ.आय.व्ही. नावाचा विषाणू आढळला. त्याला लोक ‘मांजरांचा एड्स’ म्हणतात. एड्स हा शब्द कानी पडताच त्या घराने दिवसही मोजले नाहीत. वस्तुतः हा विषाणू माणसाला होत नाही. मांजरांमध्येही तो प्रामुख्याने खोल चाव्यातून पसरतो. नसबंदी करून घरात ठेवलेले असे मांजर अनेक वर्षे सुखाने जगू शकते. आणखी एक गोष्ट म्हणजे सहा महिन्यांखालील पिलाच्या रक्तात आईकडून आलेली प्रतिद्रव्ये असतात, त्यामुळे चाचणी दोषी ठरली तरी पिलाला लागण झालेली असेलच असे नाही. म्हणून सहा महिन्यांनंतर चाचणी पुन्हा करावयाची असते. ते पिलू तीन महिन्यांचे होते. कदाचित ते निरोगी असेल. ते आता कळणार नाही.

गजकर्ण मात्र माणसाला होते. त्यावर मलम आहे, औषध आहे, काही आठवडे वेगळी खोली आहे. रेबीजची भीती रास्त आहे. म्हणूनच मांजराला लस टोचावी, आणि मांजराने चावा घेतला किंवा ओरखडले तर जखम साबणाने भरपूर धुऊन त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. गरोदर स्त्रीने मांजराची विष्ठा साफ करू नये. ते काम पतीने करावे आणि रोज करावे, कारण विष्ठेतील टॉक्सोप्लाझ्माचे परोपजीवी संसर्गक्षम होण्यास किमान एक दिवस लागतो. यांतील एकही गोष्ट सामान्य कुटुंबाच्या आवाक्याबाहेरची नाही. एड्सच्या नुसत्या नावाने माणसांना घराबाहेर काढल्याचे दिवस या देशाने पाहिले आहेत. त्या वेळी ख्रिस्तसभेच्या भगिनींनी अशा रुग्णांना आपल्या आश्रमांत जागा दिली. ती भीती अज्ञानातून आली होती. आजची भीतीही तेथूनच येते.

तिसरा मुद्दा सर्वांत वजनदार आहे आणि तो आमच्याच शस्त्रांनिशी मांडला जातो. ‘फादर, माणसे उपाशी असताना मांजरावर हजारो रुपये उधळायचे का?’ ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षणग्रंथात, जो पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९२ साली प्रसृत केला, या विषयावर स्पष्ट शिकवण आहे. जनावरांवर दया करणे हे माणसाचे देणे आहे आणि त्यांना विनाकारण यातना देणे हे मानवी प्रतिष्ठेला शोभत नाही, असे तेथे सांगितले आहे. त्याच ठिकाणी हेही सांगितले आहे, की माणसाच्या दुःखनिवारणार्थ जो पैसा अग्रक्रमाने खर्च व्हावयास हवा, तो प्राण्यांवर खर्च करणे अनुचित आहे आणि जे प्रेम केवळ माणसाला द्यावयाचे, ते प्राण्याला देऊ नये. पोप फ्रान्सिस यांनीही जानेवारी २०२२ मध्ये मुलांऐवजी कुत्री-मांजरे पाळणाऱ्या दांपत्यांविषयी कठोर शब्द काढले होते. ही शिकवण आम्हांला शिरोधार्य आहे. मांजराच्या औषधासाठी मुलाची फी थकवावी, असे कोणताही शहाणा धर्मगुरू सांगणार नाही.

पण हा आक्षेप घेणाऱ्यांना आम्ही एक साधा प्रश्न विचारतो. मांजर मासळीबाजारात सोडल्यावर जे पैसे वाचले, ते कोणत्या गरिबाच्या हाती पडले? गरिबांच्या नावाने हिशेब मागणारा एक शिष्य बेथानीच्या जेवणाच्या वेळीही होता. तीनशे दीनारांच्या सुगंधी तेलाचा हिशेब त्याने केला. योहानाने त्याचा हेतू आपल्या शुभवर्तमानात नोंदवून ठेवला आहे. आमच्या लग्नांत हळदीच्या रात्रीचे ध्वनिवर्धक, बँड, फटाके आणि पाचशे पानांचे जेवण यांवर जो खर्च होतो, त्या वेळी गरिबांची आठवण कोणाला होत नाही. ती नेमकी मांजराच्या औषधाच्या वेळीच व्हावी, हे आम्हांला पटत नाही. गरिबांचा हक्क खरा आहे. म्हणूनच त्याचा बुरखा करू नये.

‘बायबलमध्ये मांजर आहे कोठे?’ असेही एकाने आम्हांला विचारले. आहे, एकाच ठिकाणी, बारूखच्या ग्रंथातील यिर्मयाच्या पत्रात, आणि तेथे त्याच्याविषयी कोणतीही आज्ञा नाही. परंतु नीतिमान मनुष्य आपल्या जनावराच्या जिवाची काळजी घेतो, हे नीतिसूत्रांच्या बाराव्या अध्यायात आहे. तेथील जनावर धडधाकट असावे, अशी अट आमच्या वाचनात आलेली नाही.

आता ‘दत्तक’ या शब्दाकडे वळू. काही धर्मगुरूंना हा शब्द प्राण्यांसाठी वापरलेला आवडत नाही आणि त्यांचे कारण योग्य आहे. मूल दत्तक घेणे आणि मांजर पाळणे ही एका पातळीवरची कृत्ये नव्हेत. संत पौल आपल्याला देवाची दत्तक लेकरे म्हणतो. तो शब्द आपल्या तारणाचा आहे. तो स्वस्त होऊ नये. म्हणून आमचे म्हणणे असे, की एक तर हा शब्द वापरू नका, मांजर पाळले म्हणा. नाही तर त्यातील कर्तव्य स्वीकारा. शब्द दत्तकाचा आणि वागणूक उसनवारीची, असे चालणार नाही. परमपित्याने आपल्याला दत्तक घेताना आपली रक्ततपासणी केली असती, तर आपल्यातील किती जण त्याच्या घरात राहिलो असतो?

या सर्वांत मांजराचे दुःख आहेच. पण आम्हांला त्याहून अधिक चिंता त्या घरातील माणसांची वाटते. पिलू नाहीसे झाल्यावर लहान मुलाला सांगितले जाते, ‘ते आजारी होते ना, म्हणून दिले.’ मूल ते ऐकून घेते. पलीकडच्या खोलीत अंथरुणाला खिळलेली आजीही ते ऐकते. त्या वाक्याचा अर्थ दोघांनाही कळतो. जे आजारी पडते ते ‘देता’ येते, हा धडा एकदा घरात गिरवला गेला, की तो मांजरापाशी थांबत नाही. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ सालच्या ‘लाउदातो सी’ या विश्वपत्रात हाच इशारा दिला आहे: इतर जीवांविषयीची निष्ठुरता आज ना उद्या माणसांशी असलेल्या आपल्या वागण्यात उतरते. कायदाही येथे फारसा उपयोगी नाही. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने जनावर उपाशी मरेल अशा रीतीने टाकून देणे हा गुन्हा ठरवला, पण पहिल्या गुन्ह्याचा दंड लिहिला तो दहा ते पन्नास रुपये. तेव्हा हा प्रश्न पोलीस चौकीचा नाही, सदसद्विवेकाचा आहे.

आम्ही कोणावर अशक्य ओझे लादत नाही. ज्याला खरोखर झेपत नाही, त्याने पिलू ज्याच्याकडून आणले त्याच्याकडे दिवसाउजेडी, रोगाची खरी माहिती आणि औषधाची चिठ्ठी यांसह परत न्यावे. यात लाज नाही. लाज रात्रीच्या अंधाराची आहे. जेथे उपाय संपले आहेत आणि केवळ तडफड उरली आहे, तेथे पशुवैद्याच्या हातून जनावराला शांत मरण देण्यास ख्रिस्तसभेची आडकाठी नाही. माणसाच्या बाबतीत ती आहे, कारण माणूस आणि पशू एक नव्हेत. मात्र तो निर्णय आजार किती आहे यावरून व्हावा, कंटाळा किती आला यावरून नव्हे. खर्च झेपत नसेल तर धर्मादाय रुग्णालये आहेत. मुंबईत परळ येथे प्राण्यांचे रुग्णालय १८८३ पासून उभे आहे, एका पारशी दानशूराच्या औदार्यातून. आपल्या समाजाने असे काय उभे केले, याचाही विचार व्हावा.

आणि ज्यांना पिलू आणावयाचे आहे, त्यांनी आधी घरातील सर्वांना एकत्र बसवून एकच प्रश्न विचारावा: हे उद्या आजारी पडले, तर त्याचे कोण करणार? उत्तर मिळाले नाही तर पिलू आणू नये. उत्तर मिळाले तर पहिल्या दिवशीच पशुवैद्याला दाखवावे, घरात दुसरे मांजर असल्यास दोन आठवडे नव्याला वेगळे ठेवावे, वेळच्या वेळी लस द्यावी आणि योग्य वयात नसबंदी करून घ्यावी.

येत्या ४ ऑक्टोबरला, असिसीकर संत फ्रान्सिसच्या सणाला, आमच्या चर्चच्या आवारात प्राण्यांना आशीर्वाद दिला जाईल. दरवर्षी येथे न्हाऊ-माखू घातलेली, गळ्यात रिबन बांधलेली जनावरे येतात. यंदा एका डोळ्याची, झडलेल्या केसांची, रोज औषध घेणारी मांजरेही आणावीत. त्यांना आम्ही आधी आशीर्वाद देऊ, आणि त्यांना घेऊन येणाऱ्यांनाही.