मासा संकट घेऊन जात नाही

टाकीतला मासा मेला की आपल्याकडं एक वाक्य तयारच असतं. "बरं झालं बाई, घरावरचं संकट त्यानं अंगावर घेतलं." वास्तूचं सांगणारे हे बोलतात त्यात नवल नाही, त्यांचा तो धंदा आहे. पण ज्या घरात दिवस मावळल्यावर ताट वाढत नाहीत, दुहेरी कापडातून गाळल्याशिवाय पाणी भरत नाहीत, बटाटा घरात यावा की नाही यावर जावा-जावांत आठवडाभर अबोला चालतो, त्या घरात हेच वाक्य ऐकलं की माझं डोकं फिरतं. कसलं संकट? तो मासा पाण्यानं मेला. आणि ते पाणी आपल्या हातानं ओतलेलं होतं.

टाकी घरात आणावीच का, असं विचाराल तर माझं उत्तर आहे, आणू नये. पण नातवंडांच्या हट्टानं, कुणाच्या भेटीनं, त्या वास्तूवाल्याच्या सल्ल्यानं शहापूर-टिळकवाडीच्या घराघरांत टाक्या आल्यात. माझं मत ऐकून आतला जीव जगणार नाही. तो जगायचा तर पाण्याचं बोलायला पाहिजे.

मासे मरायचा हंगाम बघा कधी असतो. सणाच्या आधी! चार-सहा महिने टाकीत नुसती वरून भर घातलेली असते. मग दिवाळीची आवराआवर निघते आणि टाकीही निघते. सगळं पाणी फेकायचं, खडे घासायचे, फिल्टरचा स्पंज नळाखाली पिळून पिळून पांढरा करायचा, ताजं पाणी भरायचं. दुसऱ्या दिवशी मासे उलटे. "एवढी स्वच्छता केली तरी मेले!" तरी नव्हे, म्हणूनच मेले.

माशाच्या मलमूत्रातून आणि उरलेल्या दाण्यातून अमोनिया तयार होतो. स्पंजात, खड्यांत राहणारे सूक्ष्म जिवाणू तो पचवतात आणि त्याचं नायट्रेट करतात. हे करताना पाण्यात आम्ल उतरतं, पाण्यातले कार्बोनेट क्षार खर्ची पडतात, पीएच हळूहळू खाली जातो. पाणी बदललंच नाही तर ७.५ वरून ६.५, कधी त्याहूनही खाली. मासा त्या उताराबरोबर कसाबसा जुळवून घेतो. आम्लधर्मी पाण्यात अमोनियाही बहुतेक निरुपद्रवी रूपात असतो. अशा टाकीत तुम्ही एकदम ८ पीएचचं पाणी ओतलं, तर माशाच्या कल्ल्यांना पहिला धक्का तिथंच. शिवाय मागं उरलेला अमोनिया विषारी होतो. २५ अंश तापमानाला पीएच ७ असताना त्याचा विषारी भाग साधारण अर्धा टक्का असतो, ८ ला तो ५ टक्क्यांच्या आसपास जातो. दहापट. आणि तो पचवणारे जिवाणू तुम्ही नळाखाली धुऊन टाकलेले असतात.

यावर दुकानदाराकडं औषध असतं, बाटलीतलं. "पीएच वाढलाय का, हे दहा थेंब टाका." ते असतं आम्ल. पाण्यात कार्बोनेट भरपूर असलं की ते हे आम्ल खाऊन टाकतं. आकडा संध्याकाळी उतरतो आणि एक-दोन दिवसांत पुन्हा चढतो. मग परत दहा थेंब. मासा झोपाळ्यावर बसवल्यासारखा वर-खाली. बाटली संपते, मासे संपतात, आणि नवे मासे घ्यायला आपण जातो त्याच दुकानात. लिंबू पिळायला सांगणाऱ्यांचाही मार्ग हाच, फक्त स्वस्तातला. आणि आरओचं पाणी "शुद्ध" म्हणून ओतणाऱ्यांना सांगते, त्यात पीएच धरून ठेवणारे क्षारच उरलेले नसतात. नुसत्या आरओवर टाकी कधी कोसळेल याचा नेम नाही.

हे सगळं बायकांना अवघड आहे असं कुणी म्हणालं तर हसू येतं. बोअरच्या पाण्यात तूरडाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, बंबाच्या तळाला पांढरा थर बसतो, हे आपल्याला कुणी शिकवलं होतं? बेळगावात नळाला राकसकोपचं किंवा हिडकलचं पाणी येतं. उन्हाळ्यात नळ लांबला की टँकर येतो, तो बहुधा बोअरचा. डाळीसाठी आपण दोन्ही पाणी वेगळं ठेवतो आणि टाकीत मात्र जे हाताला येईल ते!

आणि जिवाणी विसरलात? विहिरीचं पाणी गाळल्यावर कापडावर राहिलेलं त्याच विहिरीत परत न्यायचं, दुसऱ्या नाही. वरून ओतायचं नाही, बादली पाण्यापर्यंत सोडून हळूच उलटी करायची. आमच्या शास्त्रात सगळं विज्ञान आधीच होतं म्हणणाऱ्यांतली मी नव्हे. पण एका पाण्यातला जीव दुसऱ्या पाण्यात टिकत नाही एवढं त्या आज्ज्यांना कळत होतं. डोळ्यांना न दिसणाऱ्या जिवासाठी एवढा जपून हात, आणि समोर पोहणाऱ्यासाठी भसाभसा बादली!

करायचं ते फार नाही. पाणी आदल्या दिवशी रुंद तोंडाच्या बादलीत काढून ठेवा. क्लोरीन उडतो, पाणी घरच्या तापमानाला येतं आणि त्यात विरलेला कार्बन डायऑक्साइड निघून गेला की पीएच आपल्या खऱ्या आकड्यावर येतो. नळाखालीच तपासाल तर बऱ्याचदा कमी दिसतो, आणि तोच आकडा धरून लोक घोळ घालतात. मग आठवड्याला टाकीच्या चौथाईपेक्षा जास्त बदलू नका. स्पंज धुवायचा तर टाकीतून काढलेल्या पाण्यातच. टाकी महिनोन्महिने तशीच असेल तर एका दिवसात सुधारायला जाऊ नका, दोन-तीन दिवसाआड तांब्या-तांब्यानं बदला. ७ असो की ८, आकडा एका जागी राहिला की गप्पी, मोली, गोल्डफिश राहतात. ज्यांना मऊ आम्लधर्मी पाणीच लागतं ते निऑन टेट्रा, डिस्कस बोअरच्या घरात आणायचेच कशाला?

बादली कोण उचलणार, हेही आता बोलूया. टाकी आणतात घरातले पुरुष, दाखवतात पाहुण्यांना, आणि मासा मेला की "तू पाणी कसलं घातलंस?" हे सुनेला विचारलं जातं. आणणाऱ्यानंच रविवारी बाह्या वर कराव्यात. वास्तुशांतीला कुणी काचेच्या वाडग्यात दोन गोल्डफिश घेऊन आलं तर दारातच हात जोडा. हा मासा वीतभर वाढतो, पुष्कळ घाण करतो, आणि चार लिटर पाण्यात पीएच सावरायला जागाच नसते. पाहुण्याला राग आला तर येऊ दे.