पार्सलातला चौपानी कागद

टपाल खात्याच्या ज्ञान पोस्ट सेवेच्या पार्सलात पुस्तकासोबत आपले चौपानी वार्तापत्र घालावे की नाही, असे विचारणारी पत्रे गेले काही महिने सतत येत आहेत. पत्रे लिहिणारे बहुतेक तालुक्याच्या गावचे विक्रेते आहेत, किंवा वर्षाला पाच-सहा पुस्तके काढणारे एकहाती प्रकाशक. नियम जसा छापला आहे तसा वाचला, तर उत्तर एकच: घालू नये. हे उत्तर आम्हाला मान्य नाही, आणि ते बदलून घेण्यासाठी आपण सर्वांनी हालचाल करायला हवी.

डिसेंबर २०२४मध्ये रजिस्टर्ड बुक पोस्ट बंद झाले, तेव्हा टपालाने पुस्तके पाठवणाऱ्यांचे सगळे हिशेब कोलमडले. १ मे २०२५पासून ज्ञान पोस्ट सुरू झाले. ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये, ५ किलोपर्यंत १०० रुपये, वर कर. माल जमिनीवरच्या वाहतुकीने जाणार आणि त्याचा माग घेता येणार. योजना चांगली आहे, आपल्या धंद्याला तिची गरज होती. पण अटी अशा: व्यापारी स्वरूपाचे प्रकाशन चालणार नाही, ठरावीक काळाने निघणारे प्रकाशन चालणार नाही, आणि पुस्तकावर मुद्रकाचे किंवा प्रकाशकाचे नाव हवे. तिसऱ्या अटीबद्दल कोणाची तक्रार असणार नाही. पहिल्या दोन अटी मात्र नेमक्या आपल्या वर्मावर बसतात.

दिवाळी अंकाचेच घ्या. १९०९मध्ये काशिनाथ रघुनाथ मित्रांच्या ‘मनोरंजन’ने सुरू केलेली ही परंपरा. अडीचशे-तीनशे पानांचा अंक, त्यात एखादी अख्खी कादंबरिका, लेख, कविता. पुस्तकाहून त्यात कमी ते काय? पण तो दरवर्षी निघतो, म्हणून नियमाच्या अक्षराप्रमाणे ज्ञान पोस्टाबाहेर. विक्रेत्यांचे सर्वांत खात्रीचे, दरवर्षी न सांगता परतणारे गिऱ्हाईक दिवाळी अंकांचा संच घेणारे असते, आणि नेमका त्याच्याच पार्सलाला महागडा दर. वार्तापत्राची तर दोन्हीकडून अडचण. ते दर महिन्याला निघते आणि त्यात पुस्तकांच्या किमती असतात.

पुस्तक दूरवर स्वस्तात पोहोचावे हा योजनेचा हेतू. पण भामरागडच्या किंवा धडगावच्या शिक्षकाला पुढचे पुस्तक कोणते मागवावे हे कळणार कसे? मराठी पुस्तकांचे दुकान शोधायचे तर त्याला लांबचा प्रवास करावा लागतो. पार्सलातून आलेला तो कागदच त्याचे दुकान. ७० जीएसएमचा ए-फोर कागद साडेचार ग्रॅमसुद्धा भरत नाही, आणि जेवढे भरतो तेवढे वजन पार्सलात धरलेच जाते. टपाल खात्याचा एक पैसाही बुडत नाही. नियम करणाऱ्यांनी पुस्तक तेवढे डोळ्यांपुढे ठेवले आणि ते विकत घेणाऱ्या माणसाला विसरले. आमची मागणी साधी आहे: पुस्तकासोबत पुस्तकांविषयीचा एक छापील कागद चालेल असे परिपत्रकात स्पष्ट लिहावे, आणि दिवाळी अंकाला पुस्तकाचा दर द्यावा.

आता आपल्याकडे वळू. उद्या हा नियम बदलला, तर त्या कागदावर छापण्यासारखे आपल्याजवळ काय आहे? या महिन्यात आपल्या संघटनेच्या सभासदांनी पाठवलेली पत्रके समोर आहेत. ‘तीस टक्के सवलत, फक्त रविवारपर्यंत.’ खाली पंचवीस मुखपृष्ठांची टिकलीएवढी चित्रे आणि प्रत्येकाखाली मलपृष्ठावरचा मजकूर जसाच्या तसा: वाचनीय, चिंतनीय, संग्राह्य. वाचकाने हे का वाचावे? सवलतीने आलेला माणूस पुढच्या सवलतीपर्यंत परतत नाही, आणि तोवर दुसऱ्या कोणी पाच टक्के जास्त देऊ केलेले असतात. प्रदर्शनाचे गाळाभाडे, पोरांचा भत्ता, टेम्पो, सगळे नव्या गिऱ्हाइकासाठी खर्च करतो. ज्यांनी आपल्याकडून आधीच पुस्तके नेली, त्यांचे पत्ते मात्र बिलबुकाच्या कार्बन प्रतीत पडून असतात. कितीतरी सभासदांनी ते अजून एका वहीतसुद्धा उतरवलेले नाहीत. हा आळस आहे.

आपल्याच धंद्यातले जुने काम पाहा. मॅजेस्टिक प्रकाशनाच्या केशवराव कोठावळ्यांनी १९६४मध्ये ‘ललित’ सुरू केले. ग्रंथालीने ‘रुची’ काढले. या मासिकांत पुस्तकांबद्दल वाचायला मिळत असे. कोण काय लिहितो आहे, कोणत्या पुस्तकावर वाद चालू आहे, हे घरबसल्या कळत असे. माणूस मासिक वाचण्यासाठी वाचत होता आणि त्याच ओघात पुस्तके घेत होता. एवढे मोठे काम प्रत्येकाला झेपणार नाही. चार पाने झेपतील.

त्या चार पानांत एका वेळी दोनच पुस्तके घ्या. ज्याने तुमच्याकडून दुर्गा भागवतांचे ‘ऋतुचक्र’ नेले, त्याला मारुती चितमपल्लींच्या ‘रानवाटा’बद्दल लिहा: दोघांची निसर्गाकडे पाहण्याची रीत कुठे वेगळी आहे, कोणते प्रकरण आधी वाचावे. नवी आवृत्ती असेल तर मागच्या आवृत्तीतल्या कोणत्या चुका दुरुस्त केल्या ते सांगा. जुन्या गिऱ्हाइकाला हे जाणून घेण्याचा हक्क आहे. अक्षर किती पॉइंटाचे आहे ते लिहा, साठीच्या पुढच्या वाचकाला तेच आधी हवे असते. बांधणी शिवणीची की नुसत्या चिकटवणीची तेही लिहा. आणि हे पुस्तक कोणाला आवडणार नाही, हे लिहायला कचरू नका. एकदा तुम्ही खरे सांगितलेत की पुढच्या वेळी तो तुमच्या शब्दावर पैसे मोजतो. ज्याला या खेपेला काहीच घ्यायचे नाही, त्यालाही कागद वाचून काही मिळाले पाहिजे, एवढी एक कसोटी लावा.

परिपत्रकाची वाट पाहत बसण्याचेही कारण नाही. १९८ पानांचे पुस्तक सोळापानी फॉर्म्यात बसवले की २०८ पाने होतात, आणि शेवटची दहा कोरी जातात. आगामी पुस्तकातला एक उतारा आणि त्यावर दोन परिच्छेद तिथे छापा. छपाईचा वेगळा खर्च नाही, आणि पुस्तकाबरोबर जाण्यापासून त्याला कोणी अडवणार नाही. ‘आम्ही व्हॉट्सअ‍ॅपवर टाकतो की’ असे काही सभासद म्हणतात. ज्याने तुमचा नंबर जपून ठेवलेला नाही त्याला ब्रॉडकास्टमधून काही जात नाही, आणि एका यादीत २५६ नावेच मावतात. एका मराठी एसएमएसमध्ये काना-मात्रा धरून ७० चिन्हेच मावतात. तेवढ्यात पुस्तकाचे आणि लेखकाचे नाव सांगून होते. ही साधने आठवण द्यायला ठीक आहेत. वाचकाशी बोलायला कागद लागतो.

महाराष्ट्र सर्कलच्या चीफ पोस्टमास्टर जनरलना द्यायच्या निवेदनासाठी कागदपत्रे हवी आहेत. महिनाअखेरपर्यंत पाठवा: दिवाळी अंकांच्या पार्सलांच्या पावत्या, वजन आणि दर स्पष्ट दिसतील अशा, आणि तुमच्या वार्तापत्राच्या दोन प्रती. सोबत आणखी एक गोष्ट पाठवा. बिलबुक उघडा, मागच्या वर्षी तुमच्याकडून दोनदा पुस्तके नेलेल्या एका वाचकाचे नाव काढा, आणि त्याला एका पुस्तकाबद्दल पानभर पत्र लिहा. मूळ पत्र त्याला टपालाने रवाना करा, नावपत्ता वगळून नक्कल आमच्याकडे द्या. उत्तम पत्रे पुढच्या अंकात छापू, आणि ज्यांची पत्रे येणार नाहीत त्यांच्याकडे आम्ही पुन्हा मागू.